बसणाऱ्यांची गाडी

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी निवृत्त झाली होती. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी तिची नोंद झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांचेच आयुष्य मंजूर असल्याने तिची मुदत भरली. बातमीसोबत काळ्यापिवळ्या गाडीचे छायाचित्र होते. चहाचा पेला माझ्यापुढे ठेवताना पत्नीचे लक्ष त्याकडे गेले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आईंचे मंगळवार-शुक्रवार आठवले."

मलाही तेच आठवले होते.

1996 च्या पावसाळ्यानंतर माझ्या आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. पाय सुजू लागले, अन्नावरची वासना उडाली, अंगणातून विहिरीपर्यंत गेली तरी तिला धाप लागे. मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईच्या एका रुग्णालयात जाऊन चार-चार तास डायालिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचे, असे तिच्या उरलेल्या आयुष्याचे वेळापत्रक ठरले. प्रथम आम्ही तिला लोकलने नेले. विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईला चढणे धडधाकट माणसालाही अवघड. सुया टोचलेला हात छातीशी धरून, लाल लुगड्याचा पदर सावरीत गर्दीत उभी असलेली आई पाहिली की माझे डोळे आपोआप खाली वळत. महिनाभरात बाबा म्हणाले, "बावखलाकडची जमीन विकू, पण हिला आता गाडीनं न्यायचं."

दादा तेव्हा आखातात नोकरीला होता. त्याच्या कानावर हे गेले तसा त्याचा फोन आला. "जमीन विकायची नाही. पैसे मी पाठवतो. गाडी मात्र मी म्हणेन ती घ्यायची." मी बँकेतला साधा कारकून; माझा विरोध असण्याचे कारणच नव्हते.

त्या दिवसांची हवा आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवी. आमच्या लहानपणी डिकीची मोटार म्हणजे दोनच नावे होती, अँबॅसडर आणि फियाट. 1964 साली 'फियाट 1100 डिलाइट' या नावाने जी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, तीच सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव बदलले, 1089 सी.सी.चे इंजिन आणि चौकोनी, साधे रूप तेच राहिले. मध्यंतरी 1984 मध्ये कॉन्टेसा आली. तिचे ऐसपैस अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचे होते, पण पहिली काही वर्षे आत धडधडत होते ते अँबॅसडरचेच 1489 सी.सी.चे इंजिन. बाबांना हे कळले तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हणजे झूल नवी आणि बैल जुनाच." पुढे तिला इसुझूचे जोरकस इंजिन मिळाले, पण बाबांची ती कोटी घरात कायमची राहिली. मग 1993 मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि दोन-तीन वर्षांत जपान, कोरिया, युरोप, अमेरिका या साऱ्यांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर उतरू लागल्या. 'सेडान' हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला. पाण्याच्या थेंबासारख्या गोल अंगाच्या, बटण दाबताच काच उतरवणाऱ्या, आत गारवा असलेल्या त्या गाड्या पाहायला लोक प्रदर्शनाला जावे तसे दुकानांत जात.

1996 च्या नाताळाला दादा रजेवर आला तो अशाच एका गाडीचे गुळगुळीत पत्रक घेऊन. तिचे नाव येथे सांगत नाही. पुढे जे घडले त्याचा बोल त्या नावाला लावावा असे मला वाटत नाही. किंमत पद्मिनीच्या दुपटीहून अधिक होती. रुपेरी रंग, उताराला लागलेल्या पाण्यासारखी सरळ खाली येणारी काच, मखमली बैठक. माझे मन, खरे सांगायचे तर, पत्रक पाहताच गेले. बँकेतल्या सहकाऱ्यांच्या नजरा मला आधीच दिसू लागल्या होत्या.

बाबांचे मत पद्मिनीकडे होते. ते शेतकरी माणूस. मोटारीतले त्यांना काही कळत नव्हते, पण बैलातले कळत होते. घाटावरच्या बाजारात आजोबांबरोबर बैल घ्यायला गेल्याची गोष्ट ते पुष्कळदा सांगत. विकणारा शिंगे तासून, हिंगुळाने रंगवून, गळ्यात घुंगुरमाळा बांधून बैल उभा करी. आजोबा शिंगांकडे पाहतही नसत. ते दात पाहत, खूर उचलून पाहत, खांद्यावरून हात फिरवीत, बैलाला चार पावले चालवून पाहत. आणि मग त्या माणसाला शेवटचा प्रश्न विचारीत, "याला काय खाऊ घालतोस?" जे आपल्या वाडीत पिकत नाही त्यावर पोसलेला बैल ते घेत नसत, मग तो कितीही देखणा असो.

"गाडी कोणासाठी घ्यायची?" बाबांनी दादाला विचारले. "बघणाऱ्यांसाठी की बसणाऱ्यांसाठी?"

"आईसाठीच, बाबा," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम जड झाला. "आयुष्यभर तिनं डोक्यावर भाजीची टोपली वाहिली. आता तरी तिनं चांगल्या गाडीत बसावं."

या उत्तरावर बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तिला बसवून पाहिलंत का?"

आम्ही पाहिले नव्हते. दुकानात दोनदा जाऊन आलो होतो, दोन्ही वेळा आम्ही दोघे भाऊच. आईला तेथवर नेणे म्हणजे तिला उगाच दमवणे, असे आम्ही एकमेकांना समजावले. आज वाटते, ती काय म्हणेल याचीच आम्हाला धास्ती असावी.

फेब्रुवारी 1997 मध्ये गाडी आली. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. मुले काचेतून आत डोकावत होती. कुणीतरी बाबांना म्हणाले, "मुलांनी नाव काढलं." बाबा हसले, पण बॉनेटवर पडलेले पाण्याचे थेंब पंचाने पुसता पुसता ते ज्या काळजीने गाडीभोवती फिरले, ती काळजी मला आजही दिसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पहिले पाच महिने त्या गाडीने आईला सुख दिले. मार्च-एप्रिलच्या उन्हात डायालिसिस आटोपून ती बाहेर येई तेव्हा तिचे अंग पिळून काढल्यासारखे झालेले असे. गाडीतला गारवा लागला की ती डोळे मिटून घेई. दहिसर नाक्यापर्यंत तिला झोप लागलेली असे. फक्त चढता-उतरताना त्रास होई. बैठक खोल आणि जमिनीलगत. सुजलेले पाय आत घ्यायला आणि मग बाहेर काढायला दोघांनी धरावे लागे. ती एकदा नुसते म्हणाली, "आत बसलं की राणी, उतरायचं म्हटलं की भिकारीण." आम्ही हसलो. तीही हसली.

जुलैमधला शुक्रवार होता. परतीच्या वाटेवर काशीमिऱ्याच्या अलीकडे पुढच्या पट्टीवर एक लाल दिवा लागला. मी चाल मंद केली. गाडीने दोनदा उचकी दिली आणि ती थांबली. बाहेर धो धो पाऊस. महामार्गाच्या कडेला चार-पाच गॅरेजे होती. एकामागून एक तिघे मिस्त्री आले, त्यांनी बॉनेट उघडले आणि थोड्या वेळाने आदरपूर्वक लावून टाकले. त्यांतला वयस्क मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, रागावू नका. प्लग दिसला, पॉइंट दिसला, तर मी हात घातला असता. इथं मला ओळखीचं काहीच दिसत नाही. हिचा मेंदू डब्यात बंद आहे."

ते खरे होते. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करी. तो उघडता येई, धुता येई, फुंकून साफ करता येई. या नव्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवीत होता. संगणक बिघडला, की त्याला खबर देणारी तार तुटली, की आणखी काही झाले, हे ओळखायचे उपकरण त्या रस्त्यावर कोणाकडेच नव्हते. 

आईला त्या मिस्त्रीने पत्र्याखाली एका स्टुलावर बसवले होते. हाताची पट्टी भिजू नये म्हणून तिने हात पदराखाली घेतला होता. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि मी रस्त्यात उभा राहून रिकाम्या रिक्षांना हात करीत होतो. एकही थांबेना. तेवढ्यात मुंबईकडून येणारी एक जुनी फिकट निळी पद्मिनी पुढे जाऊन थांबली आणि उलटी मागे आली. साठी ओलांडलेले एक गृहस्थ छत्री उघडून उतरले. आमच्या शेजारच्या गावातले ते निवृत्त शिक्षक. सारे त्यांना मास्तर म्हणत. माझी त्यांची ओळख नव्हती. ते माझ्याकडे न पाहता थेट पत्र्याखाली गेले. "लाल लुगडं दिसलं," ते म्हणाले, "म्हणजे आपलं माणूस."

त्यांनी दार उघडले. आईने स्वतःच्या हाताने दाराची कड धरली, पाय उचलला आणि ती त्या खुर्चीसारख्या ताठ, उंच बैठकीवर कुणाच्या आधाराशिवाय बसली. त्या क्षणी मला बाबांचा प्रश्न आठवला.

आमची गाडी दुसऱ्या दिवशी ओढून नेण्यात आली. हवा असलेला भाग परदेशातून यायचा होता. "आठ दिवस" म्हणता म्हणता सात आठवडे गेले. मात्र पुढच्याच मंगळवारी पहाटे पाच वाजता आमच्या वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. निळी पद्मिनी उभी होती. आम्ही कोणी मास्तरांना बोलावले नव्हते. "माझी बाई याच दुखण्यानं गेली," एवढेच ते बाबांना म्हणाले. सात आठवडे, चौदा फेऱ्या. पैशाचा विषय काढला की ते गाडी सुरू करीत. शेवटी बाबांनी एक मार्ग काढला. प्रत्येक फेरीला ते न बोलता डिकीत केळीचा एक घड नाही तर वांगी-भेंडीची टोपली ठेवीत आणि मास्तर न बोलता ती घरी नेत.

त्या गाडीत गारवा नव्हता. खिडकीची काच हाताने फिरवावी लागे. श्रावणात एकदा कडक ऊन पडले असता घोडबंदरच्या वळणापाशी वाहनांची रांग लागली. कार्बोरेटरच्या गाड्यांत इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकेनासे होण्याचे भय असे. म्हणून तसे काही होण्याआधीच मास्तर उतरले, ओले फडके पेट्रोल पंपावर ठेवले आणि आईच्या पायाशी असलेल्या बाटलीतले पाणी त्यावर ओतू लागले. डॉक्टरांनी आईला दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाण्याची परवानगी दिली होती. ती खिडकीतून पाहत होती. म्हणाली, "मास्तर, तुमच्या गाडीचं बरं आहे. मला मोजून आणि हिला हवं तेवढं!" मास्तर इतके हसले की पुढच्या टेम्पोवाल्याने मागे वळून पाहिले. आजारपणानंतर आईला असा विनोद करताना मी प्रथमच ऐकत होतो.

आमची गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा ती पूर्वीइतकीच सुंदर होती. पण काशीमिरा जवळ आला की माझे लक्ष रस्त्यावरून त्या लाल दिव्याकडे जाई, आणि आईची झोप लागेनाशी झाली. डिसेंबरमध्ये आम्ही ती विकली आणि एक वापरलेली पद्मिनी घेतली. हे दादाला फोनवर सांगायचे काम माझ्याकडे आले.

"माझ्या पैशाची गाडी तुम्हाला नकोशी झाली," तो म्हणाला. मी कारणे सांगत राहिलो, आणि प्रत्येक कारणाबरोबर ते त्याला अधिक लागत गेले. अखेर आईने माझ्या हातून फोन घेतला. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "गाडी वाईट नव्हती रे बाळा. तिला आपल्याकडे अजून कुणी नव्हतं, एवढंच."

ते वाक्य मी पुढे अनेक वर्षे मनात घोळवले आहे. आपण म्हणतो, अमुक गाडी भरवशाची. जणू भरवसा हा पोलादासारखा कारखान्यातच ओतलेला असतो. पण पद्मिनीचा भरवसा तिच्या एकटीचा नव्हता. तिच्या इंजिनात हात घातलेली माणसे गावोगाव होती, तिचे सुटे भाग सोपाऱ्याच्या दुकानातही मिळत, तिची नाडी पाहायला पाना आणि पॉलिश पेपर पुरे होई. तीस वर्षांत तिने रस्तोरस्ती सोयरे जोडले होते. आमची रुपेरी गाडी परक्या गावात लग्न होऊन आलेल्या मुलीसारखी होती; गुणी होती, पण अडल्यानडल्याला हाक मारायला माहेरचे माणूस जवळ नव्हते. आज प्रत्येक गाडीत संगणक आहे आणि काशीमिऱ्याचा मिस्त्रीही हातातले यंत्र जोडून दोष वाचतो. ती गाडी चुकीची नव्हती. ती तिच्या सोयऱ्यांच्या आधी येऊन पोहोचली होती.

दादा 1998 च्या मे महिन्यात आला. पहिले दोन दिवस त्याने पद्मिनीकडे पाहिलेही नाही. मंगळवारी पहाटे आई तयार होऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आज मला थोरला नेईल." पूर्ण महिनाभर त्यानेच तिला नेले-आणले. वाटेत काय बोलणे होई ते मला ठाऊक नाही. एकदाच मी बरोबर होतो. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. आई मागून हात पुढे करून पदराने त्याची मान पुसत म्हणाली, "तुझ्या त्या गाडीतला गारवा मात्र छान होता हं. मला तिथे किती झोप लागायची!" दादाने आरशातून तिच्याकडे पाहिले. नंतर कितीतरी वेळ तो सारखा डोळे पुसत होता आणि घामाला दोष देत होता.

जानेवारी 1999 मध्ये आई गेली. तिच्यामागे पद्मिनी आमच्याकडे आणखी सहा वर्षे होती. तोवर तिचे उत्पादनही थांबले होते. तीस वर्षांचे सोयरे हळूहळू पांगले आणि सुटे भाग शोधायला मुंबईला जावे लागू लागले. भरवसाही शेवटी काळाच्या हवाली असतो.

हे सारे पुन्हा वर येण्याला आणखी एक निमित्त घडले. मुलीला मोटार घ्यायची आहे. तिच्यापुढेही दोनच गाड्या उरल्या आहेत. एक तांबूस रंगाची, छत उघडणारी, पाहताच मनात भरणारी. दुसरी साधी, पण पुष्कळांनी पुष्कळ वर्षे वापरून पारखलेली. ती माझ्याहून शहाणी आहे. 2014 साली आपल्याकडच्या काही लोकप्रिय छोट्या गाड्यांना धडकेच्या चाचणीत एकही तारा मिळाला नव्हता, हे तिला माहीत आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशाची स्वतःची अशी चाचणी सुरू झाली, हेही माहीत आहे. ती तारे मोजते, एअरबॅग मोजते. मी तिच्याकडे पाहतो आणि मनात म्हणतो, आमच्या 'भरवशाच्या' पद्मिनीत यातले काहीच नव्हते. आईला आम्ही पोलादाच्या एका पातळ पेटीत बसवून महामार्गावरून नेत होतो. आमच्या अज्ञानावर देवाचीच कृपा. भरवशाचा अर्थ प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो. आमची व्याख्या तिच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून गेल्या शनिवारी तिच्याबरोबर दुकानात गेलो तेव्हा मी गप्पच राहिलो होतो. विक्रेता तांबूस गाडीचे छत उघडून दाखवत होता. मुलीचे डोळे चमकत होते, आणि त्या चमकेत मला दादाचे पत्रक दिसत होते. तिला बैलाची गोष्ट सांगावी काय, असा मी विचार करीत होतो.

तेवढ्यात ती वळली. माझी पत्नी मागे भिंतीशी उभी होती. तिचे गुडघे अलीकडे दुखतात. फार वेळ उभे राहवत नाही. मुलीने गाडीचे मागचे दार उघडले आणि म्हणाली, "आई, जरा बसून बघ. आणि मग उतरूनही बघ."

मी माझ्या मुलीला बाबांचा तो प्रश्न कधीच सांगितला नव्हता. त्या दिवशी घरी परतल्यावर मी दादाला फोन लावला.